ऑपरेशन ठरलंय आणि दुखण्याच्या गोळ्या सोसत नाहीत? मग तारखेच्या आधी हे करून ठेवा

इंदूरात आपल्या घरांमध्ये ऑपरेशन ठरलं की तयारी जोरात होते. डबा कोण देणार, रात्री पेशंटजवळ कोण थांबणार, मुलगी पुण्याहून कधी येणार, आयुष्मान कार्ड चालतं का, सगळं दोन दिवसांत ठरतं. कुठलं औषध सोसत नाही हे मात्र भरतीच्या दिवशी काउंटरवर फॉर्म भरताना आठवतं, तेही अर्धवट. "आईंना ती एक लाल गोळी चालत नाही." कुठली लाल? "ते गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, बघून सांगता येईल, पत्ता घरी आहे."

मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. हा लेख वाचून कुठलीही गोळी स्वतःहून चालू किंवा बंद करू नका, ते काम डॉक्टरांचंच. पण दुकानावर रोज हेच बघतो, म्हणून लिहितोय. "ऍलर्जी है" एवढं सांगून भूलतज्ज्ञाला काहीच कळत नाही. आपल्याकडे ज्यांना सगळे बेहोशीवाले डॉक्टर म्हणतात ना, त्यांना हवं असतं औषधाचं नाव, किती घेतलं होतं, किती वेळाने नेमकं काय झालं आणि ते कशाने थांबलं. आणि अजून एक गोष्ट जी जवळपास कोणीच सांगत नाही, ती म्हणजे आजवर कुठलं औषध व्यवस्थित सोसलंय. माझ्या मते ही शेवटची माहिती सगळ्यात कामाची, कारण ऑपरेशननंतर दुखण्यावर काहीतरी तर द्यावंच लागणार. नुसती नाही नाहीची यादी दिली की डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरतं, आणि मग पेशंट कळवळत पडून राहतो, गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर फिजिओथेरपी करत नाही, पोटाचं असेल तर दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, आणि मग नवीनच दुखणं मागे लागतं.

पहिलं काम, तारीख ठरली त्याच आठवड्यात: घरातला औषधांचा डबा पालथा घाला

शक्यतो ऑपरेशनच्या दोन तीन आठवडे आधी. सगळे पत्ते, बाटल्या, मलमं, जुने पर्चे, मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, सगळं टेबलावर काढा आणि प्रत्येक पत्त्याची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेलं ते कंपनीचं नाव, मागे बारीक अक्षरात असतं ते खरं औषध. दुकानात आम्ही त्याला सॉल्ट म्हणतो. यादीत सॉल्ट लिहायचं, ब्रँड सोबत लिहिला तर चांगलंच.

असं का, तर एकच सॉल्ट दहा नावांनी विकलं जातं आणि एका गोळीत दोन दोन तीन तीन सॉल्ट असतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325. झेरोडॉल एसपीमध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक 100, पॅरासिटामॉल 325 आणि सूज उतरायला म्हणून सेराशिओपेप्टिडेज. अल्ट्रासेटमध्ये ट्रामाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, आणि गल्लीतल्या क्लिनिकमध्ये कंबर धरली की जे दुखण्याचं इंजेक्शन टोचतात तेही बऱ्याचदा हेच असतं. डिस्प्रिन म्हणजे ऍस्पिरिन, इकोस्प्रिनही ऍस्पिरिनच, फक्त कमी डोसची. आता कोणी म्हणालं की मला कॉम्बिफ्लाम चालत नाही, तर दोषी कोण, आयबुप्रोफेन का पॅरासिटामॉल? नुसतं पॅरासिटामॉल असलेली डोलो किंवा क्रोसिन आरामात घेता येत असेल तर पॅरासिटामॉल सुटलं, संशय आयबुप्रोफेनवर. एवढा साधा विचार घरी बसून करता येतो आणि डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

मलमं विसरू नका. व्होलिनी जेलमध्ये डायक्लोफेनॅक असतं. लोक म्हणतात मी दुखण्याचं काहीच घेत नाही, आणि रोज रात्री दोन्ही गुडघ्यांना तेच चोळत असतात.

पत्ता हरवला असेल तर जिथून औषध घेता त्या मेडिकलवर विचारा, जुनं बिल कंप्यूटरमध्ये बरेचदा निघतं. दवा बाजारातून घाऊकमध्ये आणलं असेल तर बिल तुमच्याकडेच असायला हवं, नसेल तर निदान महिना आणि कुठल्या दुखण्यासाठी दिलं होतं ते लिहा.

दुसरं काम: काय झालं होतं त्याचे वेगवेगळे ढीग करा

इथे थोडा वेळ द्या, सगळा घोळ इथेच होतो. औषध घेतल्यावर काहीही झालं की घरात त्याचं नाव ऍलर्जी पडतं. प्रत्यक्षात यात तीन चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीवर डॉक्टर वेगळा निर्णय घेतात.

खरी ऍलर्जी किंवा तिच्यासारखी गंभीर प्रतिक्रिया: अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, ओठ, पापण्या, जीभ सुजणं, दम लागणं, छातीत घरघर, बीपी पडून चक्कर येणं. ही बहुतेक वेळा औषध घेतल्यापासून काही मिनिटांत ते दोन तीन तासांत होते. असं एकदा जरी झालं असेल तरी ते कार्डावर (ते कसं बनवायचं ते चौथ्या कामात येईल) सगळ्यात वर, लाल पेनाने. दुसरी आहे उशिरा येणारी, म्हणजे काही दिवसांनी किंवा दोन तीन आठवड्यांनीसुद्धा अंगभर पुरळ, ताप, तोंडात फोड, कातडी सोलणं, डोळे लाल होणं. हे कमी जणांना होतं पण फार धोक्याचं, ते औषध त्या माणसाला परत कधीच देत नाहीत. पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास घेतात त्या मेफ्टालमधल्या मेफेनॅमिक ऍसिडबद्दल औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी इंडियन फार्माकोपिया कमिशनने 2023 च्या शेवटी असाच इशारा दिला होता, त्यात ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना त्रास असं सगळं एकत्र होऊ शकतं.

आणि एक आपल्याकडे खूप दिसणारं: गोळी घेतली की दर वेळेला त्याच जागी, ओठावर म्हणा, हातावर म्हणा, गोल जांभळा काळपट डाग उठतो, नंतर फिका होतो पण पूर्ण जात नाही. बायका याला काहीतरी उष्ण पडलं म्हणून सोडून देतात. ते औषधानेच होतं आणि दुखण्याच्या गोळ्या त्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक. डाग असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.

बाकी जे उरतं ते दुष्परिणाम. पोटात जळजळ, मळमळ, उलटी, गुंगी, बद्धकोष्ठ, डोकं गरगरणं. हा त्रास खराच असतो, कोणी नाटक करत नाही, पण याने ते औषध कायमचं बाद होत नाही. डोस कमी करून, हळू देऊन, सोबत दुसरं औषध देऊन काम भागतं. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी खाज येते तीही बरेचदा ऍलर्जी नसते, ते औषध शरीरातल्या काही पेशींमधून हिस्टामिन नावाचा खाज आणणारा पदार्थ मोकळा करतं. सिझेरियनच्या वेळी कंबरेतून मॉर्फिन दिलं असेल तर नाक आणि चेहरा खाजतो, हे तर अगदी नेहमीचं, त्याचं कारण आणखी वेगळं. म्हणून "खाज आली" एवढंच न लिहिता नुसती खाज होती का सोबत गांधी, सूज, दम होता ते लिहा.

डेंटिस्टकडची गोष्ट पण इथेच. दात काढताना सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि छाती धडधडली, हात थरथरले, तर लोक लिहून टाकतात की लोकल ऍनेस्थेशियाची ऍलर्जी. त्या इंजेक्शनात बहुतेक वेळा ऍड्रेनॅलिन असतं आणि धडधड त्याची असते. लोकलची खरी ऍलर्जी फारच क्वचित. आणि हा चुकीचा शिक्का लागला की तुम्हाला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस सुन्न करायचं इंजेक्शन, द्यायला डॉक्टर बिचकणार, जो दुखण्याच्या गोळ्या न सोसणाऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा आधार.

अजून एक. मागच्या ऑपरेशनला काहीतरी रिऍक्शन आली आणि सगळ्यांनी दुखण्याच्या इंजेक्शनला नाव ठेवलं, तर जरा थांबा. त्याच अर्ध्या तासात अँटिबायोटिक, स्नायू सैल करायचं औषध, असं बरंच काही दिलेलं असतं. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या कॉलेजने 2018 साली ऑपरेशनच्या वेळच्या गंभीर ऍलर्जींचा मोठा अहवाल काढला, त्यात पहिला नंबर अँटिबायोटिकचा होता आणि दुसरा स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा. तेव्हा जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून ऍनेस्थेशिया चार्टची कॉपी मागा. अर्ज द्यावा लागतो, एखादी चक्कर जास्त पडते, पण त्या एका कागदावर कुठल्या मिनिटाला काय दिलं ते सगळं असतं.

दमा असेल तर हा भाग दोनदा वाचा

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, ऍस्पिरिन, हे सगळे एकाच खानदानातले. काही लोकांना यातलं फक्त एकच चालत नाही, बाकीची चालतात. पण ज्यांना दमा आहे, नाक सतत चोंदलेलं, नाकात पॉलिप म्हणजे मऊ गाठी, वास येत नाही, आणि ऍस्पिरिन किंवा ब्रुफेनने (तेही आयबुप्रोफेनच) एकदा दम उसळलाय, त्यांना हे अख्खं खानदान चालत नाही, कारण त्रासाचा संबंध औषधाच्या रासायनिक रचनेशी नसून त्याच्या कामाशी आहे. ही औषधं कॉक्स वन नावाचं एन्झाइम अडवतात आणि या लोकांमध्ये त्याचा परिणाम थेट श्वासनळीवर होतो. म्हणून "व्होवेरान नको, केटोरोल दे दो" असं म्हणून भागत नाही. एटोरिकॉक्सिबसारखी फक्त कॉक्स टूवर काम करणारी औषधं यांच्यातल्या बहुतेकांना चालतात, पण पहिला डोस डॉक्टरांसमोर, घरी प्रयोग म्हणून नाही. पॅरासिटामॉलही सहसा चालतं, थोड्या जणांना एकावेळी 1000 मिलिग्रॅम किंवा वर गेलं तर त्रास होतो, तेव्हा आधी किती सोसलंय ते सांगायचं.

आता टेस्टबद्दल, कारण दुकानावर नेहमी विचारतात. रक्ताची एक मोठी ऍलर्जी पॅनेल करून दुखण्याच्या सगळ्या गोळ्यांचा निकाल लागतो असं काही नाही. या गोळ्यांसाठी त्वचेच्या आणि रक्ताच्या टेस्टवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. खरी तपासणी म्हणजे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, इमर्जन्सीची सोय असलेल्या जागी, थोडं थोडं औषध देऊन बघणं. त्याला वेळ लागतो म्हणून तर म्हणतोय दोन तीन आठवडे आधी जागे व्हा. मात्र ज्यांना तोंडात फोड आणि कातडी सोलण्यापर्यंत गेलं होतं त्यांच्यावर ही तपासणी करत नाहीत.

तिसरं काम: जे सांगायला लाज वाटते तेही लिहा

आधी साधं. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, सोबत लघवी जास्त व्हायची गोळी, आणि वरून डायक्लोफेनॅक, हे त्रिकूट किडनीवर भारी पडतं. आजीचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आधीच वाढलेलं असेल तर दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या तिथेच बाद. अल्सर, काळी शी, हार्टचा त्रास, लिव्हर, फिट्स, झोपेत घोरताना श्वास अडकणं, सगळं यादीत. फिट्स असतील तर ट्रामाडॉल जपून, आणि डिप्रेशनच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असतील, एस्सिटॅलोप्राम वगैरे, तरी ट्रामाडॉलबरोबर जमत नाही, अंग तापणं, थरथर, गोंधळ असं होऊ शकतं. अडचण अशी की सुनेच्या या गोळ्या सासूला माहीत नसतात, किंवा उलटं. तर मग पेशंटला एकटीलाच डॉक्टरांना भेटू द्या, बाकीच्यांनी बाहेर जाऊन चहा प्यावा.

आता आपल्या माळव्याचं. मंदसौर नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमचला सरकारी अल्कलॉइड कारखाना आहे, आणि मॉर्फिन, कोडीन याच अफूतून निघतात. त्या पट्ट्यातल्या काही म्हाताऱ्यांना थोडी अफू किंवा डोडा चुऱ्याची, म्हणजे अफूच्या सुक्या बोंडांच्या भुकटीची, सवय असते, घरच्यांना माहीत असतं पण हॉस्पिटलमध्ये कोणी तोंड उघडत नाही. सवय असलेल्या माणसाला मॉर्फिनचा नेहमीचा डोस पुरत नाही, आणि एकदम बंद झालं तर ऑपरेशननंतर घाम, जुलाब, अंगदुखी, बेचैनी सुरू होते, डॉक्टर वेगळंच काहीतरी शोधत बसतात. भांगेचंही तेच. उज्जैनला गेलो की प्रसाद म्हणून घेतो असं सांगणारे बरेच असतात. वर्षातून एकदा घेत असाल तर ठीक, रोज घेत असाल तर भूल जास्त लागू शकते आणि नंतर दुखतंही जास्त. दारू, तंबाखू, गुटखा, सगळं खरं खरं. बेहोशीवाल्या डॉक्टरांना पोलिसात द्यायची हौस नसते, त्यांना फक्त डोस ठरवायचा असतो.

काढे, आयुर्वेदिक चूर्ण, ओमेगा कॅप्सूल, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल हेही दाखवा, यातल्या काहींनी रक्त पातळ होऊ शकतं. भाजीतली हळद सोडायची गरज नाही बरं का, हे खास सांगतो कारण एका काकूंनी वरणसुद्धा पांढरं करायला घेतलं होतं.

चौथं काम: एक कार्ड बनवा

पोस्टकार्डाएवढा जाड कागद पुरतो. औषधाचं नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये, बाकी हिंदीत, कारण फाइल इंग्रजीत असते आणि रात्रीच्या सिस्टरशी बोलणं हिंदीतच होतं. मराठीत लिहिलंत तर फक्त तुम्हीच वाचाल. नमुना असा, इथे समजायला मराठीत:

डायक्लोफेनॅक, इंजेक्शन, 2019, वीस मिनिटांत अंगावर गांधी आणि ओठ सुजले, हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन देऊन उतरलं. देऊ नये.
ट्रामाडॉल, 50 ची कॅप्सूल, दोन्ही वेळा तासाभरात चार पाच उलट्या, पुरळ नाही, दम नाही.
पॅरासिटामॉल 650, नेहमी घेते, काही त्रास नाही.
बस प्रवासात उलटी होते. दमा नाही. बीपी आहे, टेल्मिसार्टन 40.

एवढंच. निबंध नको. या कार्डाचा फोटो घरातल्या दोघा तिघांच्या मोबाइलमध्ये, मूळ कार्ड फाइलच्या पहिल्या पानाला स्टेपल.

पाचवं काम: पीएसी म्हणजे नुसती सही नाही

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात त्याला पीएसी म्हणतात, आपले लोक फिटनेस म्हणतात. बहुतेक जण ते ईसीजी आणि शुगरच्या रिपोर्टवर सही घेण्यापुरतं समजतात. तिथेच पाच मिनिटं मागून घ्या. सर्जनला सांगितलं म्हणजे भूलतज्ज्ञाला कळलं असं धरू नका. छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, कधी थेट ऑपरेशनच्या सकाळीच, अशा वेळी सर्जनकडून त्यांचा नंबर घेऊन आधी बोलायची विनंती करायची, यात काही वावगं नाही.

विचारायचं काय? एक, माझ्या कार्डावरचं बघून दुखण्यासाठी तुमचा प्लॅन काय. दोन, ब्लॉक देता येईल का. तीन, उलट्यांसाठी आधीच काय देणार. चार, रात्री दोन वाजता दुखलं तर कार्डावर नको लिहिलेलं सोडून दुसरं काय द्यायचं ते फाइलवर लिहून ठेवाल का. हा चौथा प्रश्न सोडू नका, कारण रात्रीची ड्यूटीवाली सिस्टर तुम्हाला ओळखत नसते, ती फाइल बघते आणि वॉर्डात जे नेहमी चालतं ते इंजेक्शन काढते.

ब्लॉकबद्दल थोडं. ज्या नसेतून दुखणं मेंदूपर्यंत जातं तिच्या आजूबाजूला सुन्न करायचं औषध सोडतात, आजकाल सोनोग्राफीत बघून. गुडघ्यासाठी, खांद्यासाठी, पोटाच्या भिंतीसाठी वेगवेगळे ब्लॉक असतात. पहिले काही तास, कधी दिवसभरसुद्धा, दुखणं दबून राहतं आणि गोळ्यांची गरज कमी लागते. सर्जन टाके घालताना जखमेतही तेच औषध भरू शकतात. याच्या जोडीला ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल, सलाइनमधून 1 ग्रॅम दर सहा तासांनी हा धडधाकट माणसाचा नेहमीचा डोस, वजन कमी असेल किंवा लिव्हर नाजूक असेल तर कमी. बर्फाचा शेक. गरज पडली तर अगदी कमी डोसमध्ये केटामिन किंवा फेंटानिल. असं चार बाजूंनी थोडं थोडं दिलं की कुठल्याच एका औषधाचा मोठा डोस लागत नाही, आणि न सोसणाऱ्या माणसाला हाच मार्ग बरा पडतो. प्रीगॅबालिनही देतात काही ठिकाणी, म्हाताऱ्या माणसांना त्याने गुंगी येऊन तोल जातो, तेव्हा रात्री बाथरूमला एकटं जाऊ द्यायचं नाही.

स्पाइनल, म्हणजे पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कंबरेखाली सुन्न करणं, म्हटलं की आपल्या बायका घाबरतात, कायमची कंबर दुखते म्हणून. बाळंतपणानंतर कंबर दुखायला पन्नास कारणं असतात, स्पाइनलने जन्मभराचं दुखणं लागतं असा पुरावा नाही. गोळ्या सोसत नसतील तर या भीतीपायी स्पाइनल नाकारणं म्हणजे स्वतःचंच नुकसान.

उलट्यांचा अंदाज आधी बांधता येतो, हे लोकांना माहीत नसतं. बाई असणं, सिगारेट न ओढणं, आधी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं किंवा प्रवासात उलटी होणं, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीचं औषध लागणार असणं, असे चार मुद्दे मोजतात. एकही नसेल तर दहात एखाद्याला उलट्या होतात, चारही असतील तर दहात जवळपास आठ जणांना. म्हणजे खंडवा इंदूर बसमध्ये पिशवी घेऊन बसणाऱ्या मावशींनी हे आवर्जून सांगायचं. मग उलटी थांबवायला ओंडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन असं आधीच देतात, गॅसऐवजी नसेतून भूल देतात. ट्रामाडॉल देणं भागच असेल तर ते भसकन न देता सलाइनमध्ये हळू सोडलं की मळमळ कमी होते.

कोणाकोणाला ट्रामाडॉल किंवा कोडीन अजिबात लागूच पडत नाही. ही औषधं लिव्हरमध्ये एका एन्झाइमने बदलल्यावरच पुरता जोर धरतात, आणि ते एन्झाइम जन्मतःच कोणात सुस्त तर कोणात फार तेज असतं. सुस्त असेल तर दुखणं कमी होत नाही, तेज असेल तर साध्या डोसनेही जास्त झोप येते, श्वास मंदावू शकतो. म्हणून "मला त्याने काही फरकच पडला नाही" हेही कार्डावर लिहायचं.

काय बंद करायचं, काय नाही

दुखण्याच्या साध्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात, कुठली किती दिवस ते गोळीवर ठरतं, विचारा. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मात्र स्वतःहून बिलकुल थांबवू नका. स्टेंट असेल तर तो बंद पडू शकतो. ऍस्पिरिनचा परिणाम प्लेटलेटच्या आयुष्याइतका, म्हणजे आठ दहा दिवस राहतो, त्यामुळे आदल्या दिवशी अचानक थांबवूनही काही साधत नाही. कार्डिओलॉजिस्ट, सर्जन आणि भूलतज्ज्ञ तिघांचं एकमत एका कागदावर लिहून घ्या. थायरॉइड, बीपी, दम्याचा पंप यांचं सकाळी काय करायचं तेही त्याच कागदावर. पंप तर ऑपरेशन थिएटरपर्यंत सोबत असू द्या.

भरतीच्या दिवशी

मनगटावर ऍलर्जीची पट्टी बांधतात, सहसा लाल. नाही बांधली तर मागा. फाइलवर ऍलर्जीच्या रकान्यात "नो" छापील असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. शिफ्ट बदलते तेव्हा, सकाळी, दुपारी, रात्री, नातेवाइकाने एकदा नव्या सिस्टरला कार्ड दाखवायचं, हसतमुखाने, भांडणाच्या सुरात नाही. आणि प्रत्येक इंजेक्शनच्या आधी एवढंच विचारायचं, "सिस्टर, ये कौन सा है?"

दुखणं किती ते शून्य ते दहात विचारतात. आपल्या आज्या चेहरा वाकडा झाला तरी "ठीक आहे" म्हणतात, सोसणं अंगवळणी पडलेलं. त्यांना वेगळं विचारा, कुशीवर वळता येतंय का, खोकता येतंय का. येत नसेल तर नाही म्हणजे नाही, औषध लागणार. सात आठ होईपर्यंत वाट पाहिली की मग जास्त डोस लागतो, आणि ज्याला औषध सोसत नाही त्याला जास्त डोस नकोच असतो.

औषध दिल्यावर गांधी, ओठांना सूज, आवाज बसणं, दम यातलं काही दिसलं तर बेल दाबून वाट बघत बसू नका, ओरडून बोलवा. खरी ऍनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ऍलर्जी, असेल तर पहिलं औषध मांडीत ऍड्रेनॅलिन. नंतर डॉक्टरांना विचारा की ट्रिप्टेज नावाच्या तपासणीसाठी रक्त घेता येईल का, ते प्रतिक्रियेनंतर एक दोन तासांत घेतलेलं चांगलं, त्यावरून पुढे कळतं की खरोखर ऍलर्जी होती का.

घरी आल्यावर

छुट्टीच्या पर्च्यावरचं प्रत्येक औषध कार्डाशी ताडून मगच हॉस्पिटलच्या गेटबाहेर पडा. बाहेरच्या मेडिकलवर तो ब्रँड नसला की दुसरा देतात, चालतं, फक्त सॉल्ट तेच आणि तेवढंच आहे ना ते बघा.

पॅरासिटामॉलची बेरीज करा, खरंच कागदावर करा. डोलो 650 तीनदा म्हणजे 1950. अल्ट्रासेट तीनदा, 975. झेरोडॉल एसपी दोनदा, 650. झाले 3575. त्यात शिंका आल्या म्हणून कोणी सर्दीची गोळी दोनदा दिली, 500 च्या हिशोबाने अजून 1000, झाले 4575. मोठ्या माणसाची दिवसाची वरची हद्द 4000, आणि बारीक चणीच्या, लिव्हर नाजूक असलेल्या किंवा रोज पिणाऱ्या माणसाची त्याहून बरीच खाली. गंमत म्हणजे यातली एकही गोळी चुकीची नाही, सगळ्या मिळून चूक होते. केटोरोलॅक दिलं असेल तर इंजेक्शन आणि गोळ्या मिळून पाच दिवसांच्या वर नाही.

ट्रामाडॉल, मॉर्फिनने पोट साफ होत नाही. आपल्याकडे लगेच इसबगोल काढतात, नीमच मंदसौरची मंडी जवळ, घरात भरपूर. पण या औषधांनी आतडं सुस्त झालेलं असतं आणि इसबगोल आत फुगून बसलं तर आणखी अडचण. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी पोट साफ करायच्या लॅक्टुलोज किंवा सेनाचं विचारून ठेवा. जेवण हलकं, आणि पोहे जलेबी घेऊन बघायला येणाऱ्यांना आठवडाभर थांबवा.

रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी नाही. दुखण्याच्या औषधाचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, लावला असेल तर त्यावर गरम शेक नाही, औषध जास्त वेगाने आत जातं. माणूस हाक मारूनही नीट उठत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल तर 108 लावा.

कुठल्या औषधाने काय झालं आणि कशाने बरं वाटलं ते आठवडाभरात कार्डावर चढवा, नंतर आठवत नाही. नवीन रिऍक्शन आली असेल तर औषधांच्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामचा टोल फ्री नंबर आहे, 1800 180 3024, पेशंट स्वतःही कळवू शकतो. उरलेली ट्रामाडॉल डब्यात ठेवून शेजारच्या काकांच्या कंबरेला देऊ नका, ते 2018 पासून नार्कोटिक्सच्या कायद्यात आहे, आणि काकांना काय सोसत नाही ते तर आपल्याला मुळीच माहीत नाही. पत्ता फोडून गोळ्या वापरलेल्या चहापत्तीत कालवा, पिशवीत बंद करा आणि कचरागाडी आली की सुक्या ओल्याचा हिशोब त्यांनाच विचारून टाका.